भाड्यातून भरलेली घरपट्टी परत कशी मागायची?

प्रश्न असा आला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भाड्याच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहणारं एक जोडपं, पदरी एक मुलगी. दोघांचा मिळून पगार १,५६,००० डॉलर, भाडं महिन्याला २६०० डॉलर. शेजाऱ्यांनी सांगितलं की न्यू जर्सीत भाडेकरूंनाही प्रॉपर्टी टॅक्सचे पैसे मिळतात, पण दीड लाखाच्या आत उत्पन्न असेल तरच. यांचं विचारणं असं की, ‘आम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरतच नाही, मग परत कसला मागायचा? उद्या कोणी खोटा क्लेम म्हणणार नाही ना? ग्रीन कार्डाच्या कामात अडचण येईल का? आणि मिळत असेल, तर गेली तीन वर्षं वाया गेली म्हणायची का?’

एडिसनच्या आसपास मी गेली एकोणीस वर्षं लोकांची टॅक्स रिटर्न भरून देतो. पहिला प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

तुम्ही घरपट्टी भरता. चेकवर तुमचं नाव नसतं, एवढाच फरक. न्यू जर्सीत घरमालकाची सरासरी प्रॉपर्टी टॅक्सची रक्कम २०२४ मध्ये वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेली, आणि हा कर अमेरिकेत सगळ्यात जड असलेल्या राज्यांत न्यू जर्सी पहिल्या नंबरावर आहे. कॉम्प्लेक्सचा मालक हा कर स्वतःच्या खिशातून भरत नाही, तो भाड्यात धरतो. म्हणूनच राज्याचा कायदाच मान्य करतो की भाडेकरूच्या भाड्यातला १८ टक्के भाग हा प्रॉपर्टी टॅक्स आहे. तुमच्या बाबतीत २६०० गुणिले बारा म्हणजे ३१,२०० डॉलर, आणि त्याचे १८ टक्के म्हणजे ५,६१६ डॉलर. एवढी घरपट्टी तुम्ही वर्षाला भरली असं राज्य सरकार स्वतः धरतं. तेव्हा खोट्या क्लेमची भीती मनातून काढून टाका.

आपल्याकडच्या लोकांना एचआरएची सवय असते, त्यामुळे ‘भाडं दाखवलं की कर वाचतो’ एवढं लगेच कळतं. पण एचआरएमध्ये तुमच्या भाड्यावर सूट मिळते. इथे भाड्याच्या आत लपलेल्या मालकाच्या करावर सूट मिळते. त्यामुळे ज्या इमारतीवर प्रॉपर्टी टॅक्स लागतच नाही, तिथल्या भाडेकरूला काही मिळत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आता मुख्य मुद्दा. न्यू जर्सीत भाडेकरूसाठी दोन वेगवेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. एक रिटर्नमध्येच मागायची असते, दुसरी वेगळा अर्ज करून. एक मागितली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही, आणि एक घेतली म्हणून दुसरी बंदही होत नाही. दोन्ही घेता येतात. तुमच्यासारखी निम्मी माणसं एकच घेतात, आणि बरीचशी एकही घेत नाहीत.

पहिली सोय राज्याच्या एनजे-१०४० या रिटर्नमध्ये आहे. ओळ ४०ए वर भाड्याचे १८ टक्के लिहायचे, शेजारी आपण भाडेकरू असल्याची खूण करायची, आणि मग दोनपैकी एक निवडायचं: ती रक्कम उत्पन्नातून वजा करायची, नाहीतर सरळ ५० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे थेट करातच मिळणारी सूट, घ्यायची. वजावटीला वरची मर्यादा १५,००० डॉलर आहे, २०१८ पूर्वी ती १०,००० होती. तुमचं करपात्र उत्पन्न ज्या टप्प्यात येतं तिथे दर ५.५२५ टक्के आहे. ५,६१६ वर त्या दराने होतात ३१० डॉलर. म्हणजे ५० डॉलरचं क्रेडिट तुम्ही घेऊ नये हे उघड आहे. महत्त्वाचं म्हणजे या वजावटीला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. अडीच लाख कमावणारा भाडेकरूही ती घेऊ शकतो.

एवढं साधं असूनही ती सुटते कशी? बहुतेक लोक घरी बसून सॉफ्टवेअरवर रिटर्न भरतात. फेडरल रिटर्नला भाड्याचं काही देणंघेणं नसतं, म्हणून तिथे प्रश्न येत नाही. राज्याच्या भागात येतो, तोही शेवटी शेवटी, आणि त्यात ‘प्रॉपर्टी टॅक्स’ हे शब्द असतात. माणूस ‘आपलं घर नाही’ म्हणून पुढे जातो. व्यावसायिकांकडूनही ही चूक होते. मी या देशात आलो तेव्हा माझी पहिली चार रिटर्न दुसऱ्या एका माणसाने भरली होती, आणि चारही वर्षं ती ओळ रिकामी होती. मला कोणी भाडं किती हे विचारलंच नाही. पुढे हेच काम शिकताना जुनी रिटर्न उघडून पाहिली तेव्हा ते लक्षात आलं, आणि तोवर पहिल्या वर्षाची मुदत गेलेली होती. तेव्हापासून माझ्या समोर बसलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: घर स्वतःचं की भाड्याचं?

एक अपवाद मात्र नीट समजून घ्या, कारण आपले बरेच लोक त्यात येतात. जर्सी सिटी किंवा होबोकनला राहून रोज पाथ ट्रेनने न्यू यॉर्कला नोकरीला जाणाऱ्याच्या पगारावरचा कर आधी न्यू यॉर्क राज्य कापतं. मग न्यू जर्सी त्या कराचं क्रेडिट देतं, आणि अनेकदा इथला कर जवळपास शून्यावर येतो. अशा वेळी वजावट घेऊन कमी करायला काही उरतच नाही. तिथे ५० डॉलरचं क्रेडिट घेतलेलं बरं, कारण ते कर शून्य असला तरी हातात मिळतं. रिटर्नच्या वर्कशीटमध्ये दोन्ही हिशेब मांडायची जागा असते. दोन्ही मांडा आणि मगच ठरवा. नवरा न्यू यॉर्कला आणि बायको न्यू जर्सीत नोकरीला असेल, तर आकडे कुठे झुकतील हे नुसतं बघून सांगता येत नाही.

दुसरी सोय म्हणजे अँकर. पूर्ण नाव ‘अफोर्डेबल न्यू जर्सी कम्युनिटीज फॉर होमओनर्स अँड रेंटर्स’. ही २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या आधीची होमस्टेड बेनिफिट योजना फक्त घरमालकांसाठी होती. भाडेकरूंना २०१० च्या सुमारास अशा मदतीतून वगळलं गेलं होतं, ते अँकरमुळे बारा-एक वर्षांनी परत आत आले. त्यामुळे २०१५-१६ मध्ये कोणी तुम्हाला ‘भाडेकरूंना काही मिळत नाही’ असं सांगितलं असेल, तर या मदतीपुरतं ते तेव्हा बरोबर होतं. आता नाही.

अँकरमध्ये दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या भाडेकरूला ४५० डॉलर मिळतात. दुसऱ्या फेरीपासून ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना त्यावर २५० जास्त मिळू लागले, म्हणजे एकूण ७००. ही रक्कम भाडं किती यावर ठरत नाही. भाडं १२०० असो वा ३२००, ४५० म्हणजे ४५०.

आता तुमचा दीड लाखाचा प्रश्न. शेजारी म्हणाले ते अर्धंच खरं आहे. मर्यादा दीड लाखाचीच, पण ती पगारपत्रकावरच्या आकड्यावर नाही आणि फेडरल रिटर्नवरच्या आकड्यावरही नाही. ती एनजे-१०४० च्या ओळ २९ वरच्या आकड्यावर, म्हणजे न्यू जर्सीच्या नियमांनी मोजलेल्या एकूण उत्पन्नावर आहे. ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यात तुम्ही घातलेले पैसे न्यू जर्सी पगारातून वगळतं. तुमच्या डब्ल्यू-२ च्या, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या पत्रकाच्या, प्रती मी बघितलेल्या नाहीत, पण समजा दोघांनी मिळून वर्षात १४,००० डॉलर ४०१(के) मध्ये घातले असतील, तर तुमची ओळ २९ येईल १,४२,००० च्या आसपास, आणि तुम्ही अँकरमध्ये बसता. डब्ल्यू-२ वरचा सोळावा चौकोन बघा, तिथे न्यू जर्सीचा पगार लिहिलेला असतो. दोघांचे सोळावे चौकोन बेरीज करा, बँकेचं व्याज वगैरे मिळवा, आणि मग सांगा दीड लाखाच्या वर आहात की खाली.

याची उलट बाजूही आहे. विद्यापीठात किंवा मोठ्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांना ४०१(के) ऐवजी ४०३(बी) असतं, आणि ४०३(बी) चे पैसे न्यू जर्सी वगळत नाही. एचएसए या औषधोपचाराच्या बचत खात्यातले पैसे, आरोग्य विम्याचा पगारातून करमुक्त कापला जाणारा हप्ता, हेसुद्धा न्यू जर्सी परत पगारात धरतं. म्हणून फेडरल रिटर्नवर १,४६,००० दिसणारं कुटुंब इथे १,५३,००० वर निघतं आणि बाहेर पडतं. दोन घरांचा पगार अगदी सारखा असूनही एकाला अँकर मिळतो आणि शेजारच्याला नाही. कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बाकीच्या अटी कमी आहेत, पण पक्क्या आहेत. ज्या वर्षाचा अर्ज, त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरला तुम्ही न्यू जर्सीत त्या भाड्याच्या घरात राहत असायला हवं. ५ ऑक्टोबरला टेक्सासहून आलात, तर त्या वर्षाचं नाही. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाला निघून गेलात, तर त्या वर्षाचं मिळतं, आणि लोक नेमकं हेच विसरून जातात. लीजवर तुमचं नाव हवं आणि भाडं तुम्ही भरलेलं हवं. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर दोघांचा मिळून एकच अर्ज.

अर्जाचं वर्ष आणि अर्ज करण्याचं वर्ष वेगळं असतं, यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. पहिल्या फेरीत २०२२ मध्ये अर्ज सुरू झाले ते २०१९ सालासाठी. पुढची फेरी २०२० सालासाठी होती, तिची मुदत २९ डिसेंबर २०२३ ला संपली. त्यानंतरची २०२१ सालासाठी, मुदत ३० नोव्हेंबर २०२४. आणि २०२५ मध्ये अर्ज घेतले ते थेट २०२४ सालासाठी. म्हणजे प्रत्येक फेरीला ‘त्या १ ऑक्टोबरला मी कुठल्या घरात होतो?’ हा प्रश्न नव्याने विचारायचा. मधल्या काळात तुम्ही घर विकत घेतलं असेल, तरी त्या तारखेला भाड्याने राहत असाल तर अर्ज भाडेकरू म्हणूनच करायचा. मुदत दरवर्षी जाहीर होते, शरद ऋतूवर नजर ठेवा. आधी अर्ज केलेल्या अनेकांचा अर्ज राज्य आता स्वतःच भरतं आणि तसं पत्र पाठवतं. त्या पत्रावरचा पत्ता आणि बँक खातं बरोबर आहे का हे बघायचं काम मात्र तुमचं.

ते पत्र जाहिरातीसारखं वाटतं, आणि तिथेच लोकांचे पैसे जातात. एका मावशींचं सांगतो. वय बहात्तर, जर्सी सिटीत एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या राहतात. मुलगा दुसऱ्या राज्यात. त्यांचं उत्पन्न इतकं कमी की रिटर्न भरणं बंधनकारक नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षं कोणाकडे गेल्याच नाहीत. एका ओळखीच्या मुलीने त्यांना माझ्याकडे आणलं. त्यांनी पिशवीतून दिवाळीच्या फराळाचा स्टीलचा डबा काढला. आत भाड्याच्या मनी ऑर्डरच्या पावत्या होत्या, महिन्यावार रबरबँड लावून ठेवलेल्या, २०१७ पासूनच्या. अशा नीट नोंदी मला मोठ्या पगाराच्या माणसांकडेही क्वचित दिसतात. डब्याच्या तळाशी अँकरचं पत्र होतं, न फोडलेलं. ‘हे काहीतरी विकायला पाठवतात ना?’ असं त्यांनी विचारलं. रिटर्न भरत नाही म्हणजे अर्जही करता येत नाही, असं त्यांना वाटत होतं. तसं नाही. रिटर्न भरण्याची गरज नसलेल्यांनाही अँकर मिळतो. त्यांना वयामुळे ७०० डॉलर बसत होते, शिवाय ६५ च्या वरच्या कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला ५० डॉलरचं क्रेडिट एनजे-१०४०-एचडब्ल्यू या छोट्या फॉर्मवर मागता येतं. सातशे डॉलर आले त्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं की हिवाळ्याचं विजेचं बिल यात निघेल. मागच्या फेरीची मुदत मात्र संपलेली होती. तिथे मला काही करता आलं नाही, आणि ते मला अजून डाचतं.

तुमच्या आई-वडिलांनाही हे लागू होतं का असं विचाराल, म्हणून आत्ताच सांगतो. ते तुमच्याच घरात राहत असतील आणि लीजवर त्यांचं नाव नसेल, तर नाही. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आले असतील, तर तो प्रश्नच नाही. ग्रीन कार्डवर येऊन वेगळं अपार्टमेंट भाड्याने घेतलं असेल, लीज त्यांच्या नावावर असेल आणि भाडं ते भरत असतील, तर मात्र बघायला हवं. त्यांच्या वयाच्या लोकांसाठी पीएएस-१ हा एकत्रित फॉर्म आहे. त्यावर घरमालकांसाठीच्या सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे या योजनाही असतात, त्या भाडेकरूला मिळत नाहीत. त्या ओळी बघून गोंधळू नका.

इमारतीवर कर लागत नसेल तर काही मिळत नाही, हे मघाशी सांगितलं होतं. विद्यापीठाच्या आवारातली घरं, सरकारी मालकीची घरं, धर्मादाय संस्थेच्या करमुक्त इमारती यांना या सोयी मिळत नाहीत. रटगर्स विद्यापीठाच्या कॅम्पसवरच्या अपार्टमेंटमध्ये राहणारा विद्यार्थी आणि रस्त्यापलीकडे खासगी अपार्टमेंटमध्ये राहणारा त्याचा मित्र, दोघं सारखंच भाडं देत असले तरी पहिल्याला काही नाही. जर्सी सिटीतल्या नव्या काचेच्या टॉवरमध्ये राहत असाल तर मॅनेजमेंट ऑफिसला ईमेलने विचारा की इमारत नेहमीचा प्रॉपर्टी टॅक्स भरते की त्याऐवजी शहराशी ठरलेली वेगळी रक्कम, ज्याला इथे पायलट म्हणतात. उत्तर लेखी घ्या आणि ठेवून द्या. एडिसन, पिस्कॅटवे, प्लेन्सबोरोच्या जुन्या गार्डन अपार्टमेंट्समध्ये हा प्रश्न फारसा येत नाही.

भाड्याचा आकडा काढताना फक्त राहण्याचं भाडं धरा. डिपॉझिट हे भाडं नव्हे. रूममेट असेल तर प्रत्येकाने आपापला वाटाच धरायचा, दोघांनीही पूर्ण भाडं लावायचं नाही. बेसमेंटमध्ये लीजशिवाय रोख भाडं देऊन राहणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो: एक पानी का होईना, लेखी करार करून घ्या आणि भाडं चेकने किंवा बँकेतून द्या. करार नाही, पावती नाही, तर तुमची बाजू मांडायला हातात काही राहत नाही. घरमालकाची सही किंवा परवानगी मात्र यातल्या कशालाही लागत नाही. ‘मालक रागावेल’ म्हणून न मागणारे मी पाहिले आहेत. मालकाला यात एका पैशाचं नुकसान नाही.

ग्रीन कार्डाची काळजी मी हलक्यात घेत नाही, कारण घर चालतंय ते व्हिसावरच. या दोन्ही गोष्टी करसवलती आहेत. तुम्ही भरलेल्या करातला काही भाग परत येतो. गरिबीच्या आधारावर दर महिन्याला मिळणाऱ्या सरकारी रोख मदतीच्या जातीतली ही गोष्ट नाही. अँकर नागरिकत्व बघत नाही, न्यू जर्सीतला रहिवास बघतो. एच-१बी वर असलेली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं या सोयी घेत आहेत. तरी तुमच्या फाइलमध्ये आधीच काही गुंता असेल, तर तुमच्या इमिग्रेशन वकिलांना एक ओळ लिहून विचारा. ते काम माझं नव्हे.

इतर राज्यांतले नातेवाईक हे वाचून विचारतात, म्हणून थोडक्यात. मिनेसोटात भाड्याचा १७ टक्के भाग प्रॉपर्टी टॅक्स धरतात. तिथे मालकाने भाड्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि २०२४ सालापासून हे क्रेडिट नेहमीच्या रिटर्नबरोबरच मागायचं असतं. मिशिगनमध्ये भाड्याचे २३ टक्के धरतात. विस्कॉन्सिनने १९६४ मध्येच अशी सोय सुरू केली. वायरवर भार वाढला की एमसीबी पडतो, तसा उत्पन्नाच्या मानाने करभार जास्त झाला की मदत मिळते, म्हणून अशा योजनांना सर्किट ब्रेकर म्हणतात. पण विस्कॉन्सिनची उत्पन्नमर्यादा इतकी कमी आहे की नोकरदार जोडपं तिच्यात बसत नाही. पेन्सिल्व्हेनियात ही मदत मुख्यतः ज्येष्ठ, विधवा-विधुर आणि अपंगांसाठी आहे. २०२३ च्या कायद्याने तिची उत्पन्नमर्यादा ४५,००० आणि कमाल रक्कम १,००० डॉलर झाली. फिलाडेल्फियात भाड्याने राहणाऱ्या आजी-आजोबांची मुलं याची चौकशीच करत नाहीत. टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही, आणि घरपट्टीतली सूट राहत्या घराच्या मालकाला मिळते. तिथे भाडेकरूसाठी मागायला असं काही नाही.

एक गोष्ट मनापासून बोलतो. न्यू जर्सीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कुटुंबं भाड्याने राहतात. दीड लाखाच्या आतल्या घरमालकाला अँकरमध्ये १,५०० डॉलर मिळतात, भाडेकरूला ४५०. तुमच्या ५,६१६ च्या हिशेबात ४५० म्हणजे जेमतेम आठ टक्के, आणि सरासरी घरमालकाच्या दहा हजारांत १,५०० म्हणजे जवळपास पंधरा टक्के. भाडेकरूच्या भाड्यातही घरपट्टी आहे हे राज्य मान्य करतं, पण परत देताना हात आखडता घेतं. २०२२ पासून भाडी कुठल्या कुठे गेली, ४५० मात्र तिथेच राहिले. आमदाराला पत्र लिहिताना हे आकडे घाला. घरमालकांच्या संघटना ते करतात, भाडेकरू करत नाहीत, आणि फरक तिथेच पडतो.

आता तुमच्या तीन वर्षांचं. अँकरच्या ज्या फेऱ्यांची मुदत संपली, ते पैसे गेले, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. पण रिटर्नमधली वजावट अजून हातात आहे. न्यू जर्सीत एनजे-१०४०एक्स भरून जुनं रिटर्न दुरुस्त करता येतं, साधारणपणे रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत. वर्षाला सुमारे ३०० डॉलर धरले तर तिन्ही वर्षांचे मिळून नऊशेच्या आसपास. भाडं दरवर्षी थोडं वेगळं असेल, म्हणून त्या त्या वर्षाचं लीज काढा, बँकेच्या स्टेटमेंटवरून बारा महिन्यांचं भाडं प्रत्यक्ष मोजा, आणि तेव्हाची ओळ ४०ए खरंच रिकामी आहे ना हे आधी बघा. सगळ्यात जुन्या वर्षाची मुदत सगळ्यात आधी संपते, तेव्हा सुरुवात त्या रिटर्नपासून करा, आणि ती या आठवड्यातच करा.